पीयूसीत गाडी नापास? आधी स्लिप वाचा, मग पाना उचला

“काका, नाही होत पास. कॅट गेला असणार,” पीयूसी व्हॅनमधला मुलगा म्हणाला आणि सायलेन्सरमधली नळी काढून घेतली. डिसेंबरातली सकाळ, पुण्यातली थंडी, पंप घरापासून जेमतेम अर्धा किलोमीटर. गाडी २००६ ची, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारी) पेट्रोल, पंधरा वर्षांनंतर रीतसर रजिस्ट्रेशन वाढवून घेतलेली. स्लिपवर सीओ १.९ टक्के, एचसी ३१० पीपीएम. गॅरेजमध्ये नेली तर तिथेही तेच: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळणारा सायलेन्सर लाईनमधला भाग) बदला. सांगितलेला आकडा गाडीच्या भंगाराच्या भावाजवळ जाणारा होता.

गाडी शेवटी पास झाली ती साडेचारशे रुपयांच्या थर्मोस्टॅटवर (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप). कशी, ते ओघात सांगतो. पण त्या पंधरा दिवसांत एक गोष्ट पक्की कळली. निदानाचा अर्धा भाग त्या स्लिपवरच छापलेला असतो आणि तो वाचायच्या आधीच आपण सुटे भाग बदलायला लागतो.

आपल्या गाडीला कुठली मर्यादा लागते?

पेट्रोल कारसाठी आयडलिंगवर दोन आकडे बघतात: सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत, आणि एचसी म्हणजे हायड्रोकार्बन पीपीएममध्ये. भारत स्टेज (बीएस) म्हणजे गाड्यांसाठीचे सरकारी प्रदूषण निकष. बीएस-२ च्या आधीच्या गाड्यांना (जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८०० यातच येते) सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम चालतं. बीएस-२ आणि बीएस-३ ला सीओ ०.५ आणि एचसी ७५०. बीएस-४ पासून पुढे सीओ ०.३ आणि एचसी २००. शिवाय या गाड्यांची २५०० आरपीएमच्या आसपास रेस ठेवून दुसरी चाचणी होते. त्यात सीओ ०.२ च्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे अगदी बरोबर) ०.९७ ते १.०३ मध्ये यावा लागतो.

नुसत्या वर्षावरून अंदाज बांधू नका. बीएस-३ पुण्या-मुंबईसह ११ शहरांत एप्रिल २००५ मध्ये आलं, देशभर २०१० मध्ये. बीएस-४ काही शहरांत २०१० ला आणि सगळीकडे एप्रिल २०१७ ला. म्हणजे २००८ साली पुण्यात घेतलेली गाडी आणि त्याच साली एखाद्या लहान गावात घेतलेली गाडी वेगवेगळ्या निकषांची असू शकते. आरसी काढून बघा. नोंदीत निकष चुकीचा पडला असेल तर मर्यादाही चुकीची लागेल, आणि मग तुम्ही नसलेला बिघाड शोधत बसाल.

पहिली पायरी: बिघाड खरा आहे ना?

थंड गाडी नापास होते, यात नवल काही नाही. इंजिन गार असताना कार्बोरेटर असो की ईसीयू (इंजेक्टरवाल्या गाडीचा कॉम्प्युटर), मिश्रण मुद्दाम रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं ठेवलं जातं. कन्व्हर्टर तर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्याशिवाय कामालाच लागत नाही. तेव्हा वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो तिसऱ्या गिअरमध्ये थोड्या चढ्या रेसवर गाडी चालवून थेट व्हॅनपाशी न्या. रांग असेल तर इंजिन बंद करू नका. नंबर आला की एसी, दिवे, ब्लोअर बंद करा, दोन मिनिटं रेस थोडी वर ठेवा आणि मग नळी घालू द्या. नळी सायलेन्सरात फूटभर तरी आत गेली पाहिजे.

टेस्ट चालू असताना मशिनच्या स्क्रीनचा फोटो काढून घ्या. चार वायूंच्या मशिनवर सीओ आणि एचसीबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही दिसतो. स्लिपवर ते बहुतेकदा नसतात, पण निदानाला फार उपयोगी. सीओटू १३ ते १५ टक्के असेल तर जळण नीट होतंय. तो ९-१० वर आणि ऑक्सिजन ४-५ वर असेल, तर सिलिंडर मिस होतोय (पेटत नाहीये) किंवा सायलेन्सर लाईनमध्ये कुठून तरी बाहेरची हवा शिरतेय.

सायलेन्सरच्या गळतीबद्दल एक गैरसमज आहे. शेपटाकडचं भोक धुराला पातळ करतं, त्याने आकडे उलट कमी दिसतात. त्रास देते ती मॅनिफोल्डजवळची (इंजिनातला धूर गोळा करणारा पाईप), धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधीची चीर. तिथून हवा आत खेचली गेली की सेन्सरला वाटतं मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी आहे. ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि सीओ खराच वर जातो. गार गाडी चालू करताना मॅनिफोल्डकडून टक-टक असा आवाज येत असेल आणि गरम झाल्यावर थांबत असेल, तर आधी तिथलं पॅकिंग बघा.

दोन आकड्यांची भाषा

सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल. हवा कमी, इंधन जास्त. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यावर जे होतं तेच. एचसी म्हणजे न जळता तसंच बाहेर पडलेलं पेट्रोल, किंवा ऑइल. ठिणगी पडली नाही, पडली पण पेटलं नाही, किंवा पेटायला पुरेसा दाबच नव्हता.

यावरून वाट ठरते. सीओ जास्त आणि एचसी ठीक: मिश्रण रिच, इंधनाच्या बाजूला शोधा. एचसी जास्त आणि सीओ ठीक: मिसफायर, इग्निशनपासून सुरुवात करा, मग हवेची गळती, मग टॅपेट आणि कॉम्प्रेशन. दोन्ही जास्त: मिश्रण इतकं रिच की प्लग भिजतायत, किंवा जुनाच थोडा बिघाड आणि वर कन्व्हर्टर थकलेला. माझ्या स्लिपवर एचसी ३१०, म्हणजे ७५० च्या खूप आत. प्लग, वायर, कॉम्प्रेशन यांच्याकडे बघायचंही कारण नव्हतं. तरी गॅरेजवाल्याने पहिला प्लगचाच सेट बदलला. असो.

सीओ जास्त, गाडी कार्बोरेटरची

एअर फिल्टर काढून टेस्ट पुन्हा करा. आकडा लक्षणीय उतरला तर तिथेच संपलं. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि मी पाहिलेल्या निम्म्या जुन्या गाड्यांत फिल्टर दोन-दोन वर्षं बदललेला नसतो.

मग चोक. नॉब आत ढकललेला असला तरी केबल गंजून किंवा ताणून फडकी अर्धी बंद राहते. एअर क्लीनरचं झाकण काढून डोळ्यांनी बघा. गरम इंजिनावर फडकी पूर्ण उभी हवी.

त्यानंतर फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग. नीडल व्हॉल्व्ह झिजला की पेट्रोल चेंबरमध्ये नको तेवढं भरतं. टॉर्च लावून कार्बोरेटरच्या गळ्यात बघा. आयडलिंगवर मुख्य नळीतून थेंब टपकत असतील तर लेव्हल वर आहे. गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू करताना अडते आणि पेट्रोलचा वास येतो, हेही त्याचंच लक्षण. डिपस्टिक काढून हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर ते आधी बदला, कारण क्रँककेसमधली ती वाफ इंजिन परत ओढून घेतं आणि सीओ चढाच राहतो.

मिक्श्चर स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा. आपल्याकडे उलटं होतं. व्हॅनशेजारीच स्क्रू ड्रायव्हर घेऊन कोणी तरी ‘सेटिंग’ करून देतो, सीओ तेवढ्यापुरता पडतो, स्लिप मिळते आणि पुढच्या सिग्नलला गाडी बंद. स्क्रू फिरवायचाच असेल तर गॅस ॲनालायझर लावून फिरवा. आधी किती फेरे बाहेर होता ते लिहून ठेवा, पाव-पाव फेरा आत घ्या, दर वेळी अर्धा मिनिट थांबा. एचसी चढायला लागला की मिश्रण जास्त लीन झालं. तिथून थोडं मागे या.

सीओ जास्त, गाडी एमपीएफआय

इथे पेट्रोल किती द्यायचं हे ईसीयू ठरवतो, सेन्सर सांगतील त्यावरून. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: त्याला खोटं कोण सांगतंय?

पहिला संशयित इंजिनाचं तापमान. आणि इथे माझी गोष्ट येते. दोन उन्हाळ्यांपूर्वी घाटात गाडी गरम झाली होती. तेव्हा वाटेतल्या एका मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढूनच टाकला. “आपल्या हवेत लागत नाही हो तो.” हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि थंडीत, कमी अंतराच्या फेऱ्यांत, इंजिन हवं तेवढं तापतच नाही. ईसीयूला वाटतं गाडी अजून गार आहे, तो पेट्रोल जास्त देत राहतो. कन्व्हर्टरही अर्धवटच तापतो. टेम्परेचरचा काटा वीस मिनिटांनी मधल्या रेघेच्या बराच खाली राहत असेल तर रेडिएटरचा वरचा होज हाताळून बघा, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. थर्मोस्टॅट धड असेल तर तो होज आधी बराच वेळ कोमट राहतो आणि मग एकदम गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू तापत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही.

काटा ठीक असेल तर कूलंट टेम्परेचर सेन्सर तपासा. बऱ्याच गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो. सेन्सरच्या वायरीचा प्लग काढून मल्टिमीटरने रेझिस्टन्स घ्या. गार इंजिनावर, २० अंशांच्या आसपास, साधारण २ ते ३ किलोओहम. ८० अंशांना ३०० ओहमच्या जवळपास. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, पण गरम झाल्यावरही दीड-दोन किलोओहम दाखवणारा सेन्सर खोटं बोलतोय हे सांगायला मॅन्युअल लागत नाही.

पुढे मॅप सेन्सर, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा. त्याला इनटेक मॅनिफोल्डपासून जाणारी बोटाएवढीही जाड नसलेली रबरी नळी असेल तर ती वाकवून बघा. वीस वर्षांत ती बिस्किटासारखी होते. नळी चिरली की सेन्सरला व्हॅक्यूम कमी मिळतो, ईसीयूला वाटतं इंजिनावर लोड आहे आणि पेट्रोल वाढतं. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर तीही काढा. आतून पेट्रोल आलं किंवा नुसता वास आला तरी आतला डायफ्राम फाटलाय.

आता ऑक्सिजन सेन्सर. गाडी पूर्ण गरम, रेस २५०० च्या आसपास, मल्टिमीटर सिग्नलच्या वायरवर. व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सारखं खाली-वर व्हायला हवं. ते एकाच जागी चिकटून असेल तरी लगेच सेन्सर विकत आणू नका. एअर फिल्टरचं तोंड हाताने थोडं झाका. मिश्रण रिच होतं, व्होल्टेज ०.८ च्या वर जायला हवं. मग एखादी व्हॅक्यूम नळी क्षणभर काढा, ते ०.२ च्या खाली यायला हवं. दोन्हींना पटकन उत्तर देतो तो सेन्सर खरं बोलतोय आणि दोष दुसरीकडे आहे. तो सतत ०.८ वर असेल आणि खरंही बोलत असेल, तर इंजेक्टर गळतोय का, रेग्युलेटर नीट आहे का, हे पुन्हा बघा.

स्कॅनरबद्दल: आपल्याकडे ओबीडी-२ (गाडीनेच बिघाडाचे कोड नोंदवायची व्यवस्था) सक्तीचं झालं ते २०१३ मध्ये. त्याआधीच्या गाड्यांना बाजारातलं स्वस्त ब्लूटूथ यंत्र लागेलच असं नाही. काही जुन्या गाड्यांत डायग्नोसिसच्या कनेक्टरमधल्या ठरावीक पिना जोडल्या की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. कुठल्या पिना ते मॅन्युअल बघूनच ठरवा, अंदाजाने वायर जोडली तर ईसीयू जळेल.

एचसी जास्त असेल तर

स्पार्क प्लग काढा आणि सिलिंडरच्या क्रमाने ओळीत मांडा. चहाच्या रंगाचा, कोरडा, तो ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे रिच. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे लीन. एकच वेगळा दिसला तर शोध त्या एका सिलिंडरपुरता उरला. सगळे सारखेच बिघडले असतील तर दोष सामाईक आहे: डिस्ट्रिब्युटर, कॉइल, पेट्रोल किंवा हवा.

इग्निशन वायरी तपासायची जुनी युक्ती अजूनही उत्तम. रात्री, अंधारात, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. फुटक्या वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. पाण्याचा बारीक फवारा मारला तर आणखी स्पष्ट. हात लावू नका, झटका जबर असतो. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात केसासारखी काळी रेघ दिसली तर झाकण आणि रोटर दोन्ही बदला. पॉइंटवाली गाडी असेल तर पॉइंट घासून गॅप लावा, मग टायमिंग. फार ॲडव्हान्स केलेल्या टायमिंगने एचसी चढतो, आणि पिकअपसाठी तसं करून ठेवलेल्या गाड्या कमी नाहीत.

हवेची गळती शोधायला इनटेकच्या पॅकिंगवर, कार्बोरेटरच्या बुडाशी, ब्रेक बूस्टरच्या नळीवर साध्या पाण्याचा फवारा मारत जा. जिथे आयडलिंगचा सूर बदलेल तिथे चीर. लोक हे कार्ब क्लीनरने करतात. ते पेट घेतं, गरम मॅनिफोल्डवर मी तरी मारणार नाही.

सध्याच्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा भागही इथे येतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून गेलेलं मिश्रण आता पूर्वीपेक्षा लीन पडतं. ऑक्सिजन सेन्सरवाली गाडी हे सांभाळून घेते, कार्बोरेटर नाही घेत. सीओ अगदी कमी, एचसी वर आणि आयडलिंग डळमळीत असेल तर आधी हवेची गळती बंद करा, मगच मिक्श्चर थोडं रिच करून घ्या. जुने रबरी फ्युएल पाईपही याच पेट्रोलने लवकर फुगतात, मऊ पडतात. ते बदलणं पीयूसीपेक्षा आगीसाठी महत्त्वाचं.

कुठला सिलिंडर मिस होतोय हे पाहायला एकेक वायर उपटायची पद्धत कार्बोरेटरच्या, कन्व्हर्टर नसलेल्या गाडीवर ठीक. कन्व्हर्टर असेल तर इंजेक्टरच्या वायरीचा प्लग काढा, नाही तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो आतून वितळतो. ज्याचा प्लग काढल्याने रेस पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता.

इथवर सगळं ठीक निघालं तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली गॅप. गॅप फार कमी असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं. सीएनजीवर चाललेल्या गाड्यांत व्हॉल्व्ह सीटची झीज जास्त होते, त्यांचे टॅपेट आधी बघा. मग कॉम्प्रेशन टेस्ट. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा घ्या. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. इथून पुढे ते काम हेड उतरवणाऱ्या माणसाचं. खर्च ऐकून मग ठरवा.

कन्व्हर्टर सगळ्यात शेवटी

कन्व्हर्टर सहसा आपण होऊन मरत नाही, त्याला कोणी तरी मारलेलं असतं: रिच मिश्रणाने, मिसफायरने किंवा ऑइल जाळणाऱ्या इंजिनाने. कारण न काढता नवा बसवलात तर तोही त्याच वाटेने जाईल. तपासणी सोपी आहे. गार असताना मुठीने ठोका. आत खडखडलं तर जाळी तुटलीय. मग गाडी खूप गरम करून, रेस २५०० वर ठेवून, इन्फ्रारेड थर्मामीटरने आधीचा आणि नंतरचा पाईप मोजा. नंतरचा जास्त गरम हवा. मात्र इंजिन अगदी स्वच्छ जळत असेल तर कन्व्हर्टरला जाळायला फारसं काही उरत नाही आणि फरक कमी दिसतो. या एका मोजणीवरून त्याला बाद करू नका. आणि हे सगळं उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये सीओ माणसाला काही कळायच्या आत संपवतो.

डिझेलवाल्यांची चाचणी वेगळी, धुराच्या घनतेची. बीएस-४ च्या आधी ६५ हार्ट्रिज युनिट, त्यानंतर ५०. एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज, इंजेक्टर, पंपाचं टायमिंग, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), याच क्रमाने बघा. या टेस्टमध्ये ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा तळापर्यंत दाबतात, म्हणून टायमिंग बेल्ट किती जुना आहे ते टेस्टच्या आधी आठवा.

टाकीत ओतायच्या ‘पीयूसी पास’ बाटल्यांवर मी पैसे घालवलेले आहेत. फरक शून्य.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी आकडे घ्या. ओळखीच्या व्हॅनवाल्याला सांगितलं तर तो सर्टिफिकेट न काढता नुसती नळी लावून दाखवतो, चहाच्या बोलीवर. मी थर्मोस्टॅट बसवला, कूलंट नवं भरलं, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो आणि त्याच पंपावर, त्याच मुलापुढे गाडी लावली. सीओ ०.२१, एचसी १४०. त्याने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. “कॅट कितीला पडला काका?”